गाडी खाली घेतली, बॅटरीला मार बसला आणि विमा कंपनीने हात वर केले

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो. माझ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला मार्चमध्ये पुण्याच्या एका वर्कशॉपमधून १८ इंची अलॉय व्हील, नवे टायर आणि उंची कमी-जास्त करता येणारं कॉइलओव्हर सस्पेन्शन बसवून घेतलं. १ लाख ८५ हजार रुपये दिले. 'सगळं आरटीओ अप्रूव्ड आहे, काही होत नाही' असं त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. एप्रिलमध्ये भरारी पथकाने बेकायदा बदलांचं चलान केलं, ते अजून भरलेलं नाही. मेमध्ये कासच्या रस्त्यावर स्पीडब्रेकरला गाडी खालून जोरात घासली, बॅटरीच्या केसिंगला पोचा आला आणि गाडी बंद पडली. सर्व्हिस सेंटरने साडेसहा लाखांचं एस्टिमेट दिलंय, वॉरंटी लागू नाही म्हणतात. विमा कंपनीने 'अनधिकृत बदल' एवढंच कारण देऊन क्लेम नाकारला. वर्कशॉपवाले आता म्हणतात, गाडी आणा, जुनं सस्पेन्शन फुकट बसवून देतो. माझे मेहुणे म्हणतात, पॉलिसीच रद्द झाली, उद्या कुणाला धडक बसली तर घर विकावं लागेल. जॉबकार्ड आणि टायरचे फोटो सोबत पाठवतोय. काय करू?

उत्तर : नमस्कार. गाडी वर्कशॉपला देऊ नका. ते सस्पेन्शन एकदा उतरलं की तुमच्या हातातला सर्वात मोठा पुरावा गेला, आणि फुकट काम करून द्यायची त्यांची घाई मला त्यामुळेच खटकते. दुसरं, पोचा आलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि गाडी इमारतीच्या तळघरात उभी करू नका. हा कायद्याचा मुद्दा नाही, पण घरच्यांच्या जिवाचा आहे, म्हणून आधी सांगतो.

पुरावा असा धरा. कॉइलओव्हरच्या नळीला आटे असतात आणि त्यावर फिरणाऱ्या रिंगवर स्प्रिंग टेकलेली असते. रिंग खाली फिरवली की गाडी खाली बसते. चारही चाकांपाशी त्या रिंगची जागा टेप लावून फोटोत घ्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर आणि बॅटरीच्या तळापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून घ्या. हे सगळं परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून करून घ्या. वर्कशॉप आणि विमा कंपनी दोघांनाही ईमेलने दिवस-वेळ कळवा. आले तर उत्तम, नाही आले तर तशी नोंद अहवालात करायला सांगा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही आणि तुमच्या वकिलाला ती खरी-खरी सांगावी लागेल. ती रिंग वर्कशॉपने लावली तिथेच आहे, की नंतर तुम्ही किंवा एखाद्या मित्राने फिरवून गाडी आणखी खाली घेतलीत? जॉबकार्डवर '४० मिमी लोअर' असं लिहिलंय. मोजणीत ४० च्या आसपास आलं तर तुमची बाजू भक्कम आहे. ६० आलं तर समोरचा वकील उलटतपासणीची सुरुवातच तिथून करेल.

चाकांचा आणि सस्पेन्शनचा हिशेब वेगवेगळा ठेवा. फोटोंवरून मूळ टायर २१५/६० आर १६ होते, नवे २२५/४५ आर १८ आहेत. बाहेरचा व्यास आधी साधारण ६६४ मिमी होता, आता ६६० आहे. म्हणजे चाकांमुळे गाडी जेमतेम दोन मिमी खाली आली, बाकी सगळी उंची सस्पेन्शनने खाल्ली. तरी टायरही निर्दोष नाहीत. जुन्या टायरच्या कडेला ९५ हा भारांक दिसतो, नव्याच्या कडेला ९१. पंच्याण्णव म्हणजे एका टायरला ६९० किलो, एक्क्याण्णव म्हणजे ६१५. बॅटरीमुळे मुळातच जड असलेल्या गाडीला त्यांनी दर चाकामागे ७५ किलो कमी क्षमतेचा टायर चढवला. चारही टायरांची बेरीज गाडीच्या वजनाला पुरते, असं ते म्हणतील. तरीही उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा माल दिला आणि ते सांगितलं नाही, ही सेवेतली त्रुटी नुसत्या फोटोंवरून सिद्ध होते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेत फरक होऊन तिचं मूलभूत स्वरूप पालटतं, त्याला हे कलम बदल म्हणतं. केरळच्या आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम कडकपणे वाचलं : उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालणार नाही. 'अप्रूव्ड' या शब्दाला त्यामुळे तुमच्या मॉडेलचं नाव असलेला मंजुरीचा कागद लागतो. वर्कशॉपकडे तो लेखी मागा. तो मिळेल असं मला वाटत नाही, आणि न मिळणंच तुमच्या उपयोगाचं आहे.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, त्याच मापाची आयएसआय चिन्हाची चाकं घातली तर माझ्या मते तो बदल ठरत नाही, ती बदली ठरते. तुमची १८ इंची चाकं कंपनीच्या कुठल्याही व्हेरियंटला नाहीत. सस्पेन्शनचं तर मी समर्थन करणार नाही; नंतर आरटीओकडून मंजुरी आणू, या आशेवरही राहू नका.

चलानावर कलम १८२-अ (४) आहे. यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, म्हणून तुमच्या चलानावर चाकं आणि सस्पेन्शन असे दोन बदल धरून १०,००० आले आहेत. गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. चाकांपुरतं लढता येईल, कारण खासगी कारच्या आरसीवर टायरचं माप नसतं. पण दहा हजारांसाठी कोर्टाच्या तारखा करत बसू नका, असंच मी सांगेन. रक्कम भरा, पावती जपून ठेवा. तडजोड म्हणजे दोषसिद्धी होत नाही. मात्र गाडी याच अवस्थेत पुन्हा रस्त्यावर आणलीत तर कलम ५३ खाली नोंदणी निलंबित होऊ शकते.

मेहुण्यांची भीती काढून टाका. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर भरपाई नाकारायला विमा कंपनीला कलम १५० मध्ये मोजकीच कारणं दिली आहेत, आणि सस्पेन्शन बदलणं त्यात नाही. तुमची पॉलिसी जिवंत आहे. वाद आहे तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा.

त्या वादात 'बदल केला होता' एवढ्यावर क्लेम पूर्ण फेटाळणं मला मान्य नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) गाडी चोरीला गेली होती. पॉलिसीच्या ज्या अटीचा भंग झाला तिचा चोरीशी संबंध नाही, म्हणून दावा सरसकट नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) खासगी गाडी भाड्याने वापरली तरी 'नॉन-स्टँडर्ड' धर्तीवर, म्हणजे दावा पूर्ण न फेटाळता काही रक्कम कापून, पैसे द्यायला लावले. या धर्तीवर साधारण ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. मात्र तुम्हाला अंधारात ठेवणं बरोबर नाही : खंडेलवाल प्रकरणात संबंध नव्हता, तुमच्यात तो उघड दिसतो. गाडी ४० मिमी खाली आली आणि खालूनच घासली. पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चालू नका. मूळ उंचीची गाडीसुद्धा त्या स्पीडब्रेकरला घासली असती का, हा तुमचा कळीचा प्रश्न आहे. म्हणून उद्याच जाऊन त्या स्पीडब्रेकरची उंची मोजा, फोटो काढा. डांबरीकरण झालं की तो तसा राहणार नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रतही कंपनीकडे लेखी मागा.

वॉरंटीच्या मागे लागू नका. बाहेरून बसलेला मार हा उत्पादनदोष नाही, गाडी जशीच्या तशी असती तरी उत्तर हेच आलं असतं. 'बदल केला तरी वॉरंटी जात नाही' असं मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा हवाला देऊन सांगितलं जातं. ती तरतूद केंद्र सरकारने विहित केलेल्या बदलांपुरती आहे, तुमच्या कॉइलओव्हरला ती लागू पडत नाही. उद्या एसीसारखा या बदलांशी संबंध नसलेला भाग वॉरंटीत नाकारला, तर मात्र गप्प बसू नका.

तुमचा खरा दावा वर्कशॉपवर आहे. नसलेली मंजुरी आहे असं सांगून सेवा विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तळाशी बॅटरी असलेली गाडी किती खाली घेणं धोक्याचं आहे हे सांगणं त्यांचं काम होतं. व्हॉट्सअॅपचा तो संभाषणधागा पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल.

वर्कशॉप आणि विमा कंपनी या दोघांना एकाच तक्रारीत सामनेवाले करा. वेगवेगळ्या तक्रारी केल्यात तर एका ठिकाणी तुम्ही म्हणाल, सस्पेन्शनमुळे नुकसान झालं, आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणाल, त्यामुळे झालं नाही. दोघेही तुमचंच वाक्य तुमच्या विरोधात वाचतील. एकाच तक्रारीत पर्यायी मागणी मांडता येते : बदलाचा संबंध नसेल तर विमा कंपनीने द्यावं, असेल तर विमा कंपनीने नॉन-स्टँडर्ड धर्तीवर द्यावं आणि उरलेलं वर्कशॉपने. याच कारणासाठी विमा लोकपालाकडे जा असं मी सांगत नाही; तिथे खर्च नाही, पण वर्कशॉपला तिथे ओढता येत नाही.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तक्रारदार राहतो तिथे दाद मागू देतं. आयोगाचं अधिकारक्षेत्र आणि फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. वर्कशॉपचं बिल आणि विम्याचा हप्ता मिळून पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी लागणार नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. ती विमा कंपनीच्या नकारापासून न मोजता मार्चमधल्या बिलाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे मुदतीचा वाद निघणारच नाही.

आधी स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल घ्या, मग दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीडपोस्टने आणि ईमेलने पाठवा. अहवाल हाती आल्यावर गाडी दुसऱ्या कुठल्याही विश्वासू गॅरेजमध्ये मूळ चाकांवर आणि मूळ सस्पेन्शनवर आणा. काढलेले कॉइलओव्हर रिंग न हलवता पोत्यात बांधून घरी ठेवा. आयोगाने तपासणीला मागवले तर तेच द्यावे लागतील.