गेम सर्व्हर भाड्याने घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही बारा-पंधरा मित्र माइनक्राफ्टची जावा आवृत्ती खेळतो. मोफत सर्व्हरवर रांगेत थांबावे लागते, म्हणून वर्गणी काढून भाड्याने सर्व्हर घ्यायचे ठरले आहे. एक कंपनी ज्या पैशांत ४ जीबी रॅम देते, त्याच पैशांत दुसरी ८ जीबी देते. दुसरीच घ्यावी ना? (सांगली)

उत्तर : नुसत्या रॅमवर जाऊ नका. तो आकडा ग्राहकाला चटकन कळतो म्हणून जाहिरातीत ठळक असतो. माइनक्राफ्टचे खरे अडते ते प्रोसेसरच्या एका कोअरच्या (गणना करणाऱ्या एका भागाच्या) वेगावर. सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळ पुढे सरकवणारे ठोके) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्राणी, रेडस्टोन (खेळातली वीजजोडणी), वाहते पाणी, खेळाडूंच्या हालचाली या सगळ्यांचा हिशेब संपावा लागतो, आणि तो मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर होतो. टिकला ७० मिलिसेकंद लागू लागले की टीपीएस (सेकंदाला होणारे टिक) २० वरून १४ वर येतो. मग तोडलेला ब्लॉक परत जागेवर दिसतो, पेटी उघडायला वेळ लागतो, मारलेला झोंबी उशिरा पडतो. अशा वेळी संथ कोअर आठ असले तरी फारसा उपयोग नाही.

म्हणून दोन्ही कंपन्यांना प्रोसेसरचे पूर्ण मॉडेल विचारा. ‘इंटेल झिऑन’ किंवा ‘हाय परफॉर्मन्स सीपीयू’ हे उत्तर नव्हे. झिऑन ई५-२६८० व्ही४ हा जुना सर्व्हर प्रोसेसर फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. रायझन ९ ७९५०एक्सचा एक कोअर ५.७ पर्यंत पोचतो, शिवाय त्याची रचनाही बरीच नवी आहे. चार जीबीवाली कंपनी रायझन देत असेल आणि आठवाली जुना झिऑन, तर आम्ही डोळे मिटून पहिली घेऊ. मॉडेल सांगायला टाळाटाळ करणाऱ्या कंपनीचा विचारच सोडा.

रॅमचा अंदाज असा : पेपर सर्व्हर (माइनक्राफ्ट सर्व्हरचे एक सॉफ्टवेअर), मोजके प्लगइन (त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम) आणि पंधरा खेळाडू असतील तर ४ ते ६ जीबी पुरते. शे-दीडशे मॉडचा (खेळच बदलणाऱ्या जोडण्यांचा) मोठा मॉडपॅक असेल तर ८ ते १० धरा. इथे एक चूक हमखास होते. प्लॅनमधली रॅम संपूर्ण जावा प्रक्रियेसाठी असते, फक्त हीपसाठी (जावा खेळाच्या डेटासाठी वापरते त्या भागासाठी) नाही. ६ जीबीच्या प्लॅनमध्ये एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) ६ जीबी ठेवले, तर हीपबाहेरची मेमरी त्यावर चढते आणि पॅनेल (सर्व्हर सांभाळणारी कंपनीची यंत्रणा) सर्व्हर मारून टाकते. लॉगमध्ये धड कारणही उमटत नाही. ६ च्या प्लॅनला ५ ठेवा.

सेटिंग्जमधूनही बरेच साधते. व्ह्यू-डिस्टन्स (खेळाडूला किती दूरवरचे जग दाखवायचे) मुळात १० असते, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक (१६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे). ते ७ केले की २२५ उरतात, आणि दिसण्यात फार फरक जाणवत नाही. सिम्युलेशन-डिस्टन्स (किती दूरपर्यंतचे जग चालते ठेवायचे) ५ किंवा ६ करा. नवे चंक तयार करणे हे सर्व्हरचे सर्वांत जड काम आहे. कोणी एलिट्रा (उडायचे पंख) लावून अनोळखी मुलखात उडाला की सगळ्यांना लॅग लागतो. ते टाळायला चंकी हे प्लगइन टाकून नकाशा आधीच तयार करून घ्या. मध्यापासून चारी बाजूंना ३,००० ब्लॉक घेतले तर सुमारे १ लाख ४० हजार चंक होतात. हे काम रात्री लावून द्या आणि तिथेच वर्ल्ड बॉर्डर (जगाची हद्द) घाला.

वर्षाचे पैसे सवलतीच्या मोहाने एकदम भरू नका. एक महिना घ्या आणि शनिवारी रात्री सगळे खेळत असताना स्पार्क या प्रोफायलरवर टिकला लागणारा वेळ बघा. मध्यक ३० मिलिसेकंदांच्या आत आणि ९५ वा शतांशक (९५ टक्के टिक ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा) ५० च्या आत असेल तर सर्व्हर उत्तम. आकडा जास्त आला तर आधी त्याच अहवालात वेळ कोण खाते आहे ते पाहा. एखादे प्लगइन किंवा कोंबड्यांनी खच्चून भरलेले फार्म दोषी असेल तर कंपनी बदलून काही होणार नाही. पण पहाटे एकटा खेळाडू असतानाही आकडे मनमानी वरखाली होत असतील, तर एकाच मशीनवर जास्त गिऱ्हाइके कोंबली आहेत असा संशय घ्या. व्हीपीएस (पूर्ण ताबा असलेले आभासी मशीन) असेल तर ‘टॉप’ आज्ञेच्या ‘एसटी’ रकान्यात हे सरळ दिसते. तिथे सतत ५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर महिना संपला की निघा.

प्रश्न : मुंबईतला सर्व्हर महाग पडतो, सिंगापूर आणि जर्मनीतले स्वस्त आहेत. आमच्यातले बहुतेक नाशिक आणि नागपूरचे, एक मावसभाऊ दुबईत आणि एक न्यू जर्सीत. काय निवडावे? (नाशिक)

उत्तर : मुंबई. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणून तिथला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ३९ मिलिसेकंदांच्या खाली कधीच येऊ शकत नाही. केबलचा वळसा धरून ६०-७० मिळाला तरी चांगला. जर्मनीला सव्वाशे-दीडशे समजा. समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, त्यामुळे दुबईच्या भावालाही मुंबईच सोयीची. न्यू जर्सीवाल्याला दोनशेच्या आसपास पिंग मिळेल. शेती, बांधकाम आणि खाणकाम तो त्यावर करू शकेल, पण तलवारबाजीत मागे पडेल. एका माणसासाठी सगळ्यांचा सर्व्हर दूर नेऊ नये.

याच हिशेबाने जाहिरातही तपासता येते. ‘मुंबई’ म्हणून विकलेल्या सर्व्हरला नाशिकहून पिंग ३५ च्या आत आला तर तो सिंगापुरात असणे शक्यच नाही. सतत ६५ येत असेल तर सर्व्हर बाहेर आहे किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीचा मार्ग बाहेरून फिरून येतो. ट्रेसरूट (संदेशाचा मार्ग टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा) केल्यावर कोणत्या टप्प्यावर आकडा उडी मारतो ते दिसेल. पैसे भरण्याआधी कंपनीकडून चाचणीचा आयपी पत्ता मागा आणि प्रत्येकाने आपापल्या घरून रात्री ९ ते ११ या वेळेत किमान २०० पिंग पाठवावेत. सरासरीपेक्षा स्थिरता महत्त्वाची : स्थिर ८० चालतो, ३० आणि २०० मध्ये हेलकावणारा नाही. एक टक्का पॅकेट हरवत असतील तरी खेळताना झटके जाणवतात. मात्र ही चाचणी वायफायवर करू नका, लॅन केबल जोडूनच करा. निम्म्या तक्रारी घरातल्या राउटरपाशीच मिटतात.

प्रश्न : घरी जुना पीसी पडून आहे आणि १०० एमबीपीएसचे फायबर आहे. त्यावरच सर्व्हर चालवला तर? (कोल्हापूर)

उत्तर : चार-पाच मित्रांसाठी जरूर चालवा. मात्र पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरच्यांना पीसीपर्यंत येण्याची वाट राउटरवर उघडून) काही होत नाही असे वाटले तर आधी राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात : एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तिथे २५५६५ हा टीसीपी पोर्ट राउटरवर कितीही उघडला तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. स्थानिक केबलवाल्याकडून जादा पैशांत स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर सगळ्यांच्या संगणकांवर टेलस्केलसारखे खासगी नेटवर्क बसवा. दुसऱ्या मार्गात घरचा आयपी पत्ता उघडा पडत नाही, म्हणून आम्ही तोच सुचवू. राउटर आणि पीसी दोन्ही यूपीएसवर हवेत. भरात असताना वीज गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचे काम तर जातेच, क्वचित चंकही खराब होतात.

व्हाइटलिस्ट (प्रवेश असलेल्यांची यादी) चालू ठेवा आणि ऑनलाइन-मोड (खेळाडूचे खाते खरे आहे का याची तपासणी) बंद करू नका. तो बंद असला की कोणीही अ‍ॅडमिनचे नाव घालून त्याच्या अधिकारांसह आत शिरतो.

प्रश्न : बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या खेळासाठी स्वतःचा सर्व्हर भाड्याने मिळतो का? (लातूर)

उत्तर : नाही. क्राफ्टन या खेळाचे सर्व्हर सॉफ्टवेअर बाहेर देत नाही. गेममधली कस्टम रूम एवढीच सोय आहे. कोणी ‘बीजीएमआय सर्व्हर’ विकत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलाला परदेशी कंपनीचा सर्व्हर घेऊन दिला होता. दुसऱ्या महिन्याचे पैसे कार्डातून कापले गेले नाहीत, सर्व्हर बंद पडला आणि आता फाइल्सही नाहीत म्हणतात. मुलाची वर्षभराची मेहनत होती. हे कसे टाळायचे? (पनवेल)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती पेमेंटसाठी मँडेट (पैसे कापण्याची आगाऊ परवानगी) नोंदवावे लागते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. या व्यवस्थेत न बसणाऱ्या परदेशी कंपनीची मागणी बँक परत पाठवते. त्यामुळे आपोआप कपातीवर विसंबू नका. यूपीआय घेणारी कंपनी बघा किंवा दोन-तीन महिन्यांचे पैसे खात्यात आधीच भरून ठेवता येतील अशी. पैसे थकल्यावर किती दिवसांनी फाइल्स पुसतात हे कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेले असते. ते वाचूनच निवडा. बिलाबाबत येणारे ई-मेल मुलाकडे नव्हे, तुमच्याकडे येऊ द्या.

पॅनेलमधला बॅकअप पुष्कळदा त्याच कंपनीकडे, कधी त्याच मशीनवर असतो. खाते गेले की तोही जातो. म्हणून दर रविवारी एसएफटीपीने (फाइल्स उतरवण्याच्या सुरक्षित मार्गाने) एक प्रत घरी उतरवा. कन्सोलमध्ये (पॅनेलवरच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’ द्या, वर्ल्डची फोल्डरे उतरवा आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’ द्या. ‘सेव्ह-ऑन’ विसरलात तर त्यापुढचा खेळ आपोआप जतन होणार नाही. नेदर आणि एंड या खेळातल्या इतर दोन जगांचा डेटा वेगळ्या फोल्डरात असू शकतो, तोही घ्या. प्लगइन आणि त्यांची सेटिंग्जही. महिन्यातून एकदा ती प्रत घरच्या संगणकावर सर्व्हर लावून उघडा आणि मुलाला आत जाऊन आपले घर, पेट्या, शेते जागेवर आहेत का ते बघायला सांगा.