वाचकांचे प्रश्न : तेरा संघांचा मॅट स्टेअर्स

प्रश्न : आयपीएलमध्ये आरोन फिंच 9 संघांकडून खेळला याचेच आम्हाला नवल वाटले होते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मॅट स्टेअर्स नावाचा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) 13 संघांकडून खेळला, असे वाचनात आले. ज्याला कोणी ठेवून घेत नाही, तो 19 हंगाम टिकतो कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याला सोडून देणाऱ्या संघांइतकीच त्याला मागून घेणाऱ्या संघांची यादीही लांब आहे, हे आधी लक्षात घ्यावे. शिवाय ज्या फिंचचे उदाहरण आपण दिले, त्याच्याच नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने 2021 चा टी-20 विश्वचषक जिंकला.

कॅनडातील सेंट जॉन येथे 1968 मध्ये जन्मलेल्या स्टेअर्सने 1992 मध्ये मॉन्ट्रियल एक्स्पोजकडून पदार्पण केले. परंतु तेथे जम न बसल्याने पुढच्याच वर्षी तो जपानमध्ये चुनिची ड्रॅगन्सकडे गेला. नियमित जागा त्याला ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने दिली, तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. तेथे 1997 ते 1999 या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे 27, 26 आणि 38 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे, मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. त्यानंतर शिकागो कब्ज, मिलवॉकी आणि पिट्सबर्ग येथे प्रत्येकी एक हंगाम, मग कॅन्सस सिटी, आणि पुढे थेट 2011 पर्यंत सामान बांधणे-सोडणे चालूच राहिले.

ठेंगण्या, जाडसर बांध्याचा हा खेळाडू क्षेत्ररक्षणात चपळ नव्हता, त्यामुळे रोज मैदानावर उभा करावा असा तो कोणालाच वाटत नसे. मात्र तो डावखुरा होता आणि बहुतेक पिचर (बेसबॉलमधले गोलंदाज) उजव्या हाताने चेंडू टाकतात. अशा पिचरचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजाला अधिक स्पष्ट दिसतो. त्यातच मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये 2020 चा अपवाद सोडल्यास 2021 पर्यंत पिचरलाही फलंदाजी करावी लागे आणि तो बहुधा अगदीच कच्चा फलंदाज असे. सामना रंगात आला की व्यवस्थापक पिचरला बाहेर काढून त्याच्या जागी बदली फलंदाज पाठवी. तासन् तास बाकावर बसून, अंग गार पडलेले असताना, एकाच संधीत वेगवान चेंडूला सामोरे जाण्याचे हे काम भल्याभल्यांना जमत नाही. स्टेअर्सला ते जमले. बदली फलंदाज म्हणून त्याने 23 होम रन मारले आणि हा मेजर लीगचा विक्रम आहे. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या वतीने कायमचा फलंदाज खेळतो, त्यामुळे हे कामच आटले असून हा विक्रम फार काळ टिकेल, असे मला वाटते.

2008 च्या ऑगस्टअखेरीस फिलाडेल्फिया फिलीजने टोरंटोकडून चाळिशीतल्या स्टेअर्सला घेतले, ते याच कामासाठी. 13 ऑक्टोबरला लॉस एंजेलिस येथे नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतील चौथा सामना आठव्या डावात 5-5 असा बरोबरीत असताना त्याने जोनाथन ब्रॉक्सटनचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, फिलीजने तो सामना 7-5 असा जिंकला आणि पुढे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पाहुण्याचे नाव त्या शहरात आजही आपुलकीने घेतले जाते.

प्रश्न : दुसऱ्या संघाकडे पाठवताना खेळाडूला विचारले जाते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सहसा नाही. करारातच तशी तरतूद करून घेतलेली नसेल, तर नकाराचा अधिकार मेजर लीगमध्ये 10 वर्षे आणि त्यांपैकी शेवटची सलग 5 वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूलाच मिळतो. म्हणजे ज्याला या संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्या फिरत्या खेळाडूच्या ते वाट्याला येतच नाही, आणि ही मला या नियमातील मोठी उणीव वाटते. स्टेअर्सचे 2006 हे वर्ष पाहा : जुलैअखेर कॅन्सस सिटीने त्याला टेक्सासला दिले, सप्टेंबरमध्ये टेक्सासने सोडल्यावर डेट्रॉइटने उचलले. डेट्रॉइट त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. पण 31 ऑगस्टनंतर संघात आलेल्याला बाद फेरीत खेळता येत नसल्याने तो त्यात नव्हता.

मेजर लीगमध्ये 6 वर्षे भरली आणि करार संपला, की मात्र खेळाडू स्वतः संघ निवडू शकतो. स्टेअर्सच्या काही बदल्या अशा स्वखुशीच्याही होत्या. त्याचा शेवटचा संघ वॉशिंग्टन नॅशनल्स. मॉन्ट्रियलचा एक्स्पोज संघच 2005 मध्ये तेथे स्थलांतरित झाला होता, म्हणून गणवेश 13 असले तरी संस्था 12 च भरतात.

प्रश्न : अशा खेळाडूंना निवृत्तिवेतन असते का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : असते. मेजर लीगमध्ये 43 दिवस भरले की किमान निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो आणि 10 वर्षांनंतर तो पूर्ण होतो. स्टेअर्ससारख्याला त्याची चिंता नव्हती. खालच्या मायनर लीगमधून आठ-पंधरा दिवसांसाठी वर बोलावल्या जाणाऱ्यांना मात्र हे 43 दिवस मोजावे लागतात.