मालिकांमध्ये सगळीकडे नायिकाच दिसत असताना या क्षेत्रात स्त्री-पुरुष विषमता नेमकी कुठे उरली आहे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. संध्याकाळी कोणतीही मराठी वाहिनी लावली तरी नायिकाच समोर असते, मग चित्रपट आणि दूरचित्रवाणीत विषमता असल्याचे वारंवार का म्हटले जाते, ही पहिली. आणि आपली मुलगी बारावीनंतर छायालेखन, म्हणजे चित्रपट-मालिकांसाठी कॅमेरा हाताळणे, शिकू म्हणते, तिला जाऊ द्यावे की नाही, ही दुसरी. मी नाशिकमध्ये हौशी रंगभूमीसाठी वेशभूषा करते आणि बाहेरगावची युनिट्स चित्रीकरणासाठी इकडे आली की कपडेपटाच्या कामाला जाते. त्यामुळे पडद्यावरचे आणि पडद्यामागचे असे दोन्ही थोडे जवळून पाहायला मिळाले आहे.

मालिकांबद्दलचे आपले निरीक्षण चुकीचे नाही. तिथे नायिका केंद्रस्थानी असते, आणि तिचे मानधन नायकापेक्षा अधिक असल्याची उदाहरणेही या क्षेत्रात आहेत. परंतु ती किती वेळ दिसते याच्या जोडीला ती काय करताना दिसते हेही पाहावे लागते. नायिका डॉक्टर, वकील किंवा बँकेत अधिकारी असल्याचे पहिल्या काही भागांत मोठ्या कौतुकाने सांगितले जाते आणि लग्न लागले की तिचा दवाखाना किंवा कार्यालय कथानकातून हळूहळू दिसेनासे होते. यामागे लेखकाची मानसिकता असतेच, पण एक रोकडे कारणही असते. दैनंदिन मालिकेला जवळजवळ रोज एक भाग तयार करावा लागतो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि जिना हा सेट कायमचा उभा असतो, तर दवाखाना दाखवायचा म्हटले की वेगळी जागा, वेगळी माणसे आणि वेगळा खर्च आला. म्हणून गोष्ट घरात राहते. घरातच संघर्ष हवा, आणि घरात दिवसभर वावरणाऱ्या म्हणून स्त्रियाच दाखवल्या जात असल्याने तो संघर्ष सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय यांच्यातच लावला जातो. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले आणि ते खाली असले, तर डोहाळजेवण, मंगळागौर किंवा कुणीतरी कुणाच्या दुधात काहीतरी कालवणे, हे खात्रीचे ट्रॅक पुन्हा काढले जातात. घरातले व्यवहार मात्र पुरुष पात्रे दोन वाक्यांत ठरवून मोकळी होतात: जमीन विकायची की नाही, कंपनी कुणाच्या नावावर करायची, पोलिसांत जायचे की नाही. आपण एखाद्या आठवड्यात एकाच मालिकेचे भाग केवळ याच नजरेने पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.

वर स्त्री बसली की हे आपोआप बदलते, असेही मला वाटत नाही. २००० सालानंतर हिंदीत सासू-सुनांच्या मालिकांची जी लाट आली तिच्या अग्रभागी एकता कपूर ही निर्माती होती. तिचे व्यावसायिक कर्तृत्व वादातीत आहे, तरीही त्या मालिकांनी घराच्या चौकटीतली भरजरी स्त्रीच देशभर पोहोचवली. एकट्या व्यक्तीपेक्षा बाजाराचे गणित अधिक जोरकस असते, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

चित्रपटांत तर उपस्थितीपासूनच अडचण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या पाठिंब्याने अमेरिकन अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने ११ देशांतील लोकप्रिय चित्रपटांचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बोलणाऱ्या किंवा नाव असलेल्या पात्रांपैकी स्त्रिया सरासरी ३०.९ टक्के होत्या. भारतीय चित्रपटांत हे प्रमाण २४.९ टक्के निघाले. म्हणजे नायिका पोस्टरवर असते, पण रिक्षावाला, हवालदार, शेजारी, दुकानदार, वकील, सरपंच अशी जी बारीकसारीक पात्रे गोष्टीतले जग भरून काढतात, ती लिहिताना लेखकाच्या हातून बहुतेक वेळा पुरुषच लिहिला जातो. यातले बरेचसे विचार न करता होते, आणि म्हणूनच ते सुधारणे तुलनेने सोपेही आहे.

वयाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. राखी आणि अमिताभ बच्चन ‘कभी कभी’मध्ये १९७६ साली प्रेमी म्हणून दिसले, १९८२ च्या ‘शक्ती’मध्ये राखी त्याच अमिताभची आई झाली, आणि प्रत्यक्षात ती त्याच्यापेक्षा वयाने लहान आहे. ‘शक्ती’तले तिचे काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण उलट्या बाजूने असा प्रवास करावा लागलेला, म्हणजे सहा वर्षांत नायिकेच्या प्रियकराचा तिचा बाप झालेला, एखादा मोठा नायक आठवून पाहावा.

आता पडद्यामागचे. नाशिककरांनी तरी ही गोष्ट आपल्या दारापासून सुरू करायला हवी, असे मला मनापासून वाटते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला एकही स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका एका उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंके यांनी केली, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची किशोरवयीन मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यामागे मात्र एक स्त्री ‘हरिश्चंद्र’पासूनच उभी होती. सरस्वतीबाई फाळक्यांनी कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडली, फिल्म धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड फेकला, दागिने मोडायला दिले आणि वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाकही केला. आजच्या भाषेत त्यातली निदान तीन तरी कामे स्वतंत्र विभागप्रमुखांची आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात सहलीला येणाऱ्या मुलांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते, हे तिथे कुणालाही विचारून पाहावे.

दादासाहेब फाळक्यांच्या नावाने देशातला चित्रपटाचा जो सर्वोच्च सन्मान दिला जातो, त्या पुरस्काराची यादीही बोलकी आहे. १९६९ ते २०२३ या वर्षांचे मिळून ५५ जणांना फाळके पुरस्कार मिळाला आणि त्यांत स्त्रिया आठ: देविका राणी, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, कानन देवी, दुर्गा खोटे, लता मंगेशकर, आशा भोसले, आशा पारेख आणि वहिदा रेहमान. आशा भोसले यांच्या २००० सालच्या पुरस्कारानंतर थेट २०२० सालच्या पुरस्कारापर्यंत मध्ये एकही स्त्री नाही. शिवाय आठही जणींची ओळख अभिनय किंवा गाणे ही आहे. देविका राणींनी स्टुडिओ चालवला, दुर्गा खोटे यांनी निर्मितीही केली, हे खरे. पण केवळ दिग्दर्शक, संकलक किंवा छायालेखक म्हणून गौरवली गेलेली स्त्री या यादीत अजून यायची आहे.

काही ठिकाणी तर बंदी लेखी होती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषा, केशभूषा आणि वेशभूषा करणाऱ्यांची जी संघटना आहे, ती पन्नासहून अधिक वर्षे स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचे कार्ड देत नव्हती. बाईने केस करावेत, चेहरा पुरुषच रंगवणार. स्त्रियांना मुभा दिली तर पुरुषांचे काम जाईल, असे त्याचे समर्थनही केले जात होते. चारू खुराना या रंगभूषाकार आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. तारीख मुद्दाम दिली आहे, कारण हा जुना काळ नाही. आपली मुलगी तेव्हा बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत असेल. आमच्या कामात आजही मेकअप दादा आणि हेअर ताई हीच वाटणी सर्वाधिक दिसते. नियम गेला तरी उमेदवारीची साखळी तीच राहते: उस्ताद आपल्या पुतण्याला हाताखाली घेतो आणि पुतण्या मित्राला.

एक प्रसंग सांगते. त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका गावात एका मालिकेच्या लग्नाच्या दृश्याचे चित्रीकरण होते. सातपूर-अंबडकडच्या वीसेक बायका ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे गर्दीत उभे राहायला, आल्या होत्या आणि सगळ्यांना नऊवारी नेसवायचे काम आम्हा दोघींकडे होते. नऊवारीला वेळ लागतो, म्हणून बायकांना पहाटे बोलावले होते. सदरा-धोतर-फेट्याचे पुरुष नंतर आले. मजुरी मात्र दोघांचीही शिफ्ट लागल्यापासूनच मोजली गेली. कपडे बदलायची व्हॅनिटी व्हॅन एकच, ती मुख्य कलाकारांसाठी. बाकीच्यांसाठी शौचालयाची सोय कुणी केलीच नव्हती. पुरुष बांधाआड जाऊन येत होते. काष्टा घातलेल्या बाईला तसे जाता येत नाही, आणि गेली तरी परत नेसवायला कुणी मोकळे नसते. दुपारी मी पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “पाणी नको ताई, मग जायचं कुठं?” शेवटी गावातल्या एका घरातल्या बाईंनी आपणहून दार उघडले आणि दिवसभर ते उघडेच ठेवले.

केरळ सरकारने न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली २०१७ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल वाचताना मला याच मावशी आठवल्या. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी त्या समितीला हेच सांगितले होते: सेटवर शौचालय नाही, कपडे बदलायला जागा नाही, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. काम मिळवण्यासाठी होणाऱ्या शारीरिक मागण्या आणि बोलल्यास काम बंद होण्याची भीती, हेही त्यात आहेच. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला सादर झाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. निदान तिथे समिती नेमली गेली आणि त्यामागे विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह या संघटनेतल्या अभिनेत्री व तंत्रज्ञांचा रेटा होता. मराठी-हिंदी क्षेत्रात असे काही व्हावे, ही माझी कळकळीची इच्छा आहे. धाडसाची परंपरा आपल्याकडेही आहे. अभिनेत्री शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करारावरून प्रभात फिल्म कंपनीच्या दारातच उपोषण केले होते.

आता आपल्या मुलीविषयी. तिला जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा जड असतो, बाईचे ते काम नव्हे, असे तिला पुष्कळ जण सांगतील. पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन घाट चढणाऱ्या बायका पाहिलेल्या जिल्ह्यात तरी हा युक्तिवाद चालू नये. बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ मध्येच तमिळमध्ये स्वतंत्रपणे पूर्ण लांबीचा चित्रपट चित्रित केला. तरीही वाट अरुंद आहे, हे लपवण्यात अर्थ नाही: ऑस्करच्या छायालेखन विभागात पहिले स्त्री-नामांकन मिळायला २०१८ साल उजाडले, आणि ते रेचल मॉरिसन यांना मिळाले. आपल्याकडे इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह हे स्त्री छायालेखकांचे व्यासपीठ आहे. त्यांचे काम तिला आत्तापासूनच पाहू द्या.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील छायालेखनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, त्यामुळे बारावीनंतरची वर्षे पदवी आणि हात बसवणे यांसाठी मिळतात. पुढे काम सुरू होईल तेव्हा मानधन, कामाचे तास आणि श्रेयनामावलीतले नाव लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनात पहिले नाव नवख्या मुलीचेच गळते. रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडण्याची जबाबदारी कुणाची, हे आधी विचारावे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि कामाची जागा म्हणजे केवळ कार्यालय नव्हे. बाहेरगावचे चित्रीकरण आणि कंपनीने दिलेले वाहनही त्यात येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. चित्रपटाचे युनिट त्याआधीच पांगलेले असते, म्हणून कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. जिथे अंतर्गत समिती नाही तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

सध्यासाठी माझी एक सूचना आहे. राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर होते आणि त्याआधी इथल्या संस्थांच्या तालमी रंगात असतात. प्रकाशयोजनेच्या टेबलाशी मदतीला माणसे हवीच असतात, आणि तिथे मुली फार कमी येतात. आपण नाशिकच्या जवळपास असाल तर तिला एखाद्या तालमीला घेऊन या. कोणता दिवा कुठून पडला की चेहरा कसा बदलतो, हे तिला तिथे हाताने करून शिकता येईल, आणि या क्षेत्रातली माणसे आपल्यालाही समोरासमोर पाहता येतील.