कॅलेंडरवर खूण कर

प्रिय बाय,

परवा दापोलीच्या एसटी स्टँडवर तू दप्तर पोटाशी घट्ट आवळून बसली होतीस. वरच्या ओठावर घाम, कॉलेजची वेळ टळून गेलेली. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही मावशी, पित्त झालंय." तुझ्या वयात मीही हेच सांगायचे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळ कंबर-मांड्यांत उतरते. मळमळ, जुलाब त्यातलेच. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या, त्यांनी प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी होतं. म्हणून गोळी कळ असह्य झाल्यावर नाही, पाळीची चाहूल लागताच घ्यायची. आधी वाटीभर पेज, मग गोळी. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. गरम पाण्याच्या पिशवीनेही खरंच उतार पडतो. आणि आजी सोलकढी बंद करील, तर ऐकू नकोस. आंबटाचा नि कळांचा संबंध नाही.

मला "लग्न झालं की थांबेल" असं सगळे म्हणाले, एक डॉक्टरसुद्धा. लग्न झालं, कळा दरवर्षी वाढतच गेल्या. चौतिसाव्या वर्षी कळलं की एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे अस्तरासारखाच थर गर्भाशयाबाहेर वाढतो. साधारण दहातल्या एकीला तो असतो आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तरी असू शकतो. ती फुकट गेलेली वर्षं आठवली की अजून पोटात तुटतं.

म्हणून आजपासून कॅलेंडरवर खूण कर: पाळीचा दिवस, दहापैकी किती दुखलं, पॅड किती लागले. दोन-तीन महिने नीट गोळी घेऊनही कॉलेज बुडत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, शी-लघवीला कळ येत असेल, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जात असेल, तर दाखवायचंच. ते कॅलेंडरचं पान सोबत ने आणि हिमोग्लोबिनही तपासून घे. तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येऊन पडलीस, तापासकट दुखलं, किंवा पाळी चुकल्यावर एकाएकी जोराची कळ आली, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

आरोग्य केंद्रात बाईडॉक्टर नसतील तर उपजिल्हा रुग्णालयात जाऊ. आईपाशी बोलायचा धीर होत नसेल तर मी बोलते. सोमवारी त्याच बाकाशी थांबेन, पहिल्या गाडीने ये.

तुझी,
मावशी