वाचकांचे प्रश्न : झीबेनगेबिर्गेचे डोंगर खरोखर सातच आहेत का?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीतील बॉन येथे शिकते. तिच्या खिडकीतून ऱ्हाईन नदीच्या पलीकडे झाडीने भरलेली एक छोटी डोंगररांग दिसते. तिचे नाव झीबेनगेबिर्गे, म्हणजे ‘सात डोंगर’ असे आहे, पण मोजू लागले की डोंगर सातापेक्षा पुष्कळ जास्त भरतात, असे ती कळवते. मग नावात सात का? आम्ही उभयता मे महिन्यात तिकडे जाणार आहोत. एका दिवसात काय पाहावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीचे मोजणे बरोबर आहे. लहानमोठी सर्व शिखरे धरली तर त्यांची संख्या चाळिसाच्या वर जाते. परंपरेने ज्या सातांची नावे घेतली जातात ती अशी : ग्रोसर ओएलबेर्ग (460 मीटर), ल्योवेनबुर्ग (455), लोरबेर्ग (432), पेटर्सबेर्ग (336), नोनेनश्ट्रोमबेर्ग (335), वोल्केनबुर्ग (324) आणि ड्राखेनफेल्स (321). नावातील ‘झीबेन’ हा आकडा नसून ओलसर, अरुंद घळींसाठी त्या भागात वापरल्या जाणाऱ्या ‘झीफेन’ या शब्दाचे रूप असावे, असेही एक मत आहे. आपल्या सातपुड्याच्या नावातही सात आहेत आणि तेथेही कोणी घड्या मोजायला बसत नाही. तेव्हा ‘सात’ म्हणजे ‘पुष्कळ’, हा अर्थ मला अधिक पटतो.

या रांगेची उंची नाशिकच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण तिची घडण लक्षपूर्वक समजून घेण्यासारखी आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी जागे झाले आणि प्रथम राखेचा जाड थर साचला. नंतर खालून वर आलेला बराचसा शिलारस पृष्ठभागावर पसरण्याऐवजी त्या थरातच अडकून घट्ट झाला. पुढे पावसापाण्याने मऊ राख वाहून गेली आणि आतले कठीण दगडाचे घुमट उघडे पडले. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे आडवे थर एकावर एक रचले गेले, म्हणून कड्यांवर पायऱ्या दिसतात. तेथे मात्र सुटे, गोलसर माथे दिसतात, ते यामुळे.

त्या दगडानेच या डोंगरांवर संकट आणले. ड्राखेनफेल्सचा ट्रॅकाइट हा करडा दगड रोमन लोकांनी प्रथम काढला आणि 1248 मध्ये पायाभरणी झालेल्या कोलोनच्या कॅथीड्रलच्या मध्ययुगीन भागासाठी तोच नदीतून होड्यांनी नेला गेला. त्यात सॅनिडिन खनिजाचे बोटाच्या पेराएवढे चपटे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कॅथीड्रल पाहायला गेलात तर जुन्या भिंतीत ते अवश्य शोधा. शेजारच्या वोल्केनबुर्गचा माथा आणि त्यावरील किल्ला खाणींनी कायमचा खाऊन टाकला. ड्राखेनफेल्सवरील बाराव्या शतकातील किल्ला युरोपातील ‘तीस वर्षांचे युद्ध’ चालू असताना, 1634 मध्ये पाडण्यात आला होता. त्याचे उरलेले अवशेषही खाणींमुळे ढासळू लागले, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि 1836 मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने शिखराचा भाग विकत घेतला. बाकीच्या डोंगरांवर सुरुंग चालूच राहिले. म्हणून 1869 मध्ये स्थापन झालेल्या एका नागरिक मंडळाने खाणी थांबवण्यासाठी जमिनी घेतल्या, पायवाटा बांधल्या, आणि 1922 मध्ये ही रांग संरक्षित क्षेत्र झाली. आज आपल्या मुलीला खिडकीतून जी बीच आणि ओकची गर्द झाडी दिसते, ती या चिकाटीमुळे टिकली आहे. दगड काढून सपाट झालेल्या टेकड्या आपणही रोज पाहतो, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.

आता आपल्या दिवसाविषयी. सकाळी क्योनिग्सविंटर या नदीकाठच्या गावातून ड्राखेनफेल्सला जावे. तेथे 1883 पासून दातेरी रुळावरची छोटी गाडी धावते. जर्मनीत आजही चालू असलेल्या अशा गाड्यांत ती सर्वांत जुनी आहे. गुडघ्यांची तक्रार नसेल तर वर गाडीने जाऊन उतरताना चालत यावे, म्हणजे वाटेत ड्राखेनबुर्ग हा वाडा लागतो. तो जुन्या गढीसारखा दिसत असला तरी 1882 ते 1884 या काळात श्टेफान झार्टर या धनिकाने बांधवून घेतला, आणि तो स्वतः तेथे कधीच राहिला नाही. ड्राखेनफेल्स म्हणजे ‘ड्रॅगनचा खडक’. जर्मन दंतकथांतील वीर झीगफ्रीडने ड्रॅगन मारला तो येथेच, असे लोक सांगतात.

पेटर्सबेर्गवर मोठे हॉटेल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तांचे कार्यालय तेथे होते आणि 2001 च्या अखेरीस अफगाणिस्तानविषयीची परिषदही तेथेच भरली. वेळ कमी असेल तर हे ठिकाण वगळले तरी चालेल.

हाइस्टरबाख हा पडका मठ मात्र वगळू नये. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू आधी पेटर्सबेर्गवर राहत. 1192 मध्ये ते खालच्या या दरीत उतरले. त्यांचे भव्य चर्च 1803 नंतर दगडासाठी विकले आणि पाडले गेले. फक्त वेदीमागचा अर्धवर्तुळाकार भाग, दुहेरी खांबांसह, गवतात उघड्यावर उभा आहे. दुपार कलल्यावर तेथे पोहोचलात तर खांबांच्या मागची झाडी आणि वरचे आकाश एकदमच दिसते, आणि घाई न करता अर्धा तास बसता येते.