कॉम्प्युटरवर कसली केमिस्ट्री?

प्रश्न : मी घणसोलीला राहतो, महापे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात) आहे. मुलगी ठाण्यात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, मेजर केमिस्ट्री, मायनर गणित. कॉलेजातल्या एका व्याख्यानात तिने रेणूतल्या इलेक्ट्रॉनची हालचाल कॉम्प्युटरवर पाहिली आणि तेव्हापासून हेच करायचं म्हणते. कॉम्प्युटरवर कसली केमिस्ट्री? गणित सोडून तिने काही उपयोगाचं घ्यावं का? शिवाय तिला भारी लॅपटॉप हवाय. घरात आठ जीबी रॅमचा आहे. – एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमच्याच कामातून सुरुवात करतो. रिॲक्टरमधून तुम्ही दर अर्ध्या तासाने सॅम्पल काढताय आणि रिॲक्शन दोन मिनिटांत उरकतेय, तर हाती काय लागणार? आधीचा माल आणि नंतरचा माल. मधलं सगळं निसटलं. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं वर्षानुवर्षं तेच होत होतं. रेणूतले अणू हलतात ते फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागात. ती हालचाल टिपल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉनांचा कारभार त्याहून चपळ, ॲटोसेकंदांचा, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या हजाराव्या भागाचा. एका ॲटोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम पाण्याच्या एका रेणूएवढं अंतर कापतो. एवढ्या अल्पजीवी प्रकाशझोतांसाठी ॲगोस्टिनी, क्राउझ आणि लुइलिए यांना २०२३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

पण प्रयोगातून मिळतात ते आलेख. इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकले हे त्यावरून ओळखायला गणित मांडावं लागतं, आणि मुलगी म्हणते ते काम इथे सुरू होतं.

पाण्याच्या एका रेणूत १० इलेक्ट्रॉन, प्रत्येकाची जागा सांगायला तीन निर्देशक (लांबी, रुंदी, उंचीचे आकडे), म्हणजे ३०. प्रत्येक निर्देशकासाठी नुसते १० बिंदू धरले तरी १ वर ३० शून्यं इतके आकडे साठवावे लागतील. असा कॉम्प्युटर पृथ्वीवर नाही. मग युक्ती अशी, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब सोडायचा आणि कुठे किती दाटी आहे एवढंच बघायचं. दाटीला निर्देशक तीनच पुरतात. या विचाराला पाया दिल्याबद्दल वॉल्टर कोन यांना १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि माणूस मूळचा फिजिक्सचा! काळाबरोबर बदलणाऱ्या दाटीलाही हे लागू पडतं, हे रुंगे आणि ग्रोस यांनी १९८४ मध्ये दाखवलं. आता रेणूला लेसरचा धक्का द्यायचा, घड्याळ साधारण एकेक ॲटोसेकंद पुढे सरकवायचं आणि दर टप्प्याला दाटी नव्याने काढायची. १० फेम्टोसेकंद बघायचे तर दहा हजार टप्पे. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात, हा भाग मात्र अंदाजाने घालावा लागतो. अंदाज फसला की चित्र देखणं दिसतं, पण खोटं असतं. व्याख्यानातल्या ॲनिमेशनवर लगेच भाळू नये, असं मी मुलांना सांगतो ते त्यामुळेच.

तेव्हा गणित सोडू देऊ नका. केमिस्ट्रीतला एखादा पेपर मागे राहिला तर भरून काढता येतो, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मॅट्रिक्स मागे राहिले तर फार जड जातं. (मी स्वतः एम. एस्सी.ला क्वांटम पाठ करून पास झालो. त्याची किंमत मला माहीत आहे.)

ओढ खरी आहे की व्याख्यानाची भुरळ, हे या सुट्टीत कळेल. तिला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एवढंच करू दे : एका मितीच्या पेटीत एक इलेक्ट्रॉन आणि छोट्या छोट्या टप्प्यांनी पुढे सरकणारा काळ. इलेक्ट्रॉन पेटीत कुठेतरी असण्याची एकूण शक्यता कायम १ यायला हवी. सगळ्यात सोपी पद्धत वापरली तर ती १ राहत नाही, १.४ होईल, मग ९, मग भलताच आकडा. तुमच्या भाषेत, रिॲक्टरमध्ये घातला त्याहून जास्त माल बाहेर आला. मास बॅलन्स न जुळल्यावर तुम्ही जसे बॅच रेकॉर्ड घेऊन बसता, तशी ती दोन रात्री त्या चुकीमागे बसली, तर तिला अडवू नका. ‘नेटवरून दुसरा कोड घेतला, आता चालतंय’ म्हणाली, तर तिच्याशी शांतपणे बोला.

पुढचा रस्ता लांब आहे. टी. वाय.ला जॅमची परीक्षा, त्यातून आयआयटीत एम. एस्सी. किंवा आयसरसारख्या विज्ञान संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत इंटिग्रेटेड पीएच. डी. (एम. एस्सी. आणि पीएच. डी. एकत्र) करता येते. एम. एस्सी.नंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, वर घरभाडं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) रसायनशास्त्राचा विभाग आहे. आयसर पुण्यात परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. नेमक्या याच विषयातल्या नोकऱ्या भारतात थोड्या, हे लपवत नाही. पण या कामात हात बसलेली मुलं औषधांच्या रेणूंचं मॉडेलिंग करणाऱ्या आणि डेटाचं काम करणाऱ्या कंपन्यांत जातात. तुमच्या कंपनीच्या आर अँड डीत कुणी असं काम करतं का, ते विचारून बघा.

आणि लॅपटॉप घेऊ नका. पेटीतल्या एका इलेक्ट्रॉनला आठ जीबी भरपूर झाले. मोठे रेणू करायची वेळ येईल तेव्हा ते संस्थेच्या मशीनवरच चालतील, घरच्या कुठल्याच लॅपटॉपवर नाही.