विमानाच्या इंजिनाच्या देखभालीत चुका नेमक्या कुठे होतात आणि नोंदी तपासण्याला एवढं महत्त्व का?

तुम्ही विचारलंय की प्रशिक्षित माणसं, जाडजूड मॅन्युअल आणि प्रत्येक पायरीवर सही असूनही इंजिनात चूक राहतेच कशी, आणि नुसते कागद तपासून ती सापडते का. सापडते, पण कागद स्पॅनर उचलण्याआधी वाचला तर. काम संपल्यावर सहीपुरता हातात घेतलेला कागद काहीच पकडत नाही.

चुका सहसा खोलताना नाही, परत बसवताना होतात. ओ-रिंग (गळती रोखणारं रबराचं कडं) घालायची राहते, नट हाताने आवळला जातो पण टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा, राहतो, प्लगला लॉकवायर (तो सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) नसते, काढून ठेवलेलं झाकण बाकावरच राहतं. एकदा काउल, म्हणजे इंजिनावरचं बाहेरचं आवरण, बंद झालं की यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. मग त्या कामाची एकच खूण उरते, टास्क कार्डवरची (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या कागदावरची) सही.

५ मे १९८३ ला ईस्टर्न एअर लाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११ विमान मायामीहून नसाऊला निघालं. उड्डाणाआधी रात्रपाळीत तिन्ही इंजिनांचे मास्टर चिप डिटेक्टर बदलले होते. हा तेलातले धातूचे कण पकडणारा चुंबकी प्लग. त्याला ओ-रिंग नसेल तर तेल गळणारच. कार्डवर ओ-रिंग बसवायची पायरी होती. पण मेकॅनिकना एरवी ओ-रिंग लावलेलेच डिटेक्टर मिळायचे. त्या रात्री ते संपले होते, म्हणून स्टोअरमधून आणले, आणि त्यांना ओ-रिंग नव्हत्या. सही मात्र झाली. गळती बघायला इंजिन स्टार्टरवर फक्त १० सेकंद फिरवलं होतं. एवढ्या वेळात गळती दिसलीच नाही. हवेत तिन्ही इंजिनांचं तेल गेलं. एक इंजिन वैमानिकांनी आधीच बंद केलं होतं, बाकीची दोन आपोआप बंद पडली. शेवटी ते पहिलंच पुन्हा सुरू करून विमान मायामीला परत आणलं आणि १७२ माणसं वाचली.

एकच काम एकाच पाळीत सगळ्या इंजिनांवर केलं तर एकच गैरसमज सगळ्या इंजिनांत बसतो, हा मला यातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. म्हणून एका विमानाच्या सगळ्या इंजिनांवर तेच काम एकाच माणसाला देऊ नये. द्यावंच लागलं तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करावी.

२३ फेब्रुवारी १९९५ ला इंग्लंडमध्ये बोइंग ७३७-४०० विमानात असंच घडलं. बोरस्कोप तपासणीसाठी (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने इंजिन आतून बघण्यासाठी) रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरणारा भाग, हाताने फिरवावा लागतो, त्याकरता गिअरबॉक्सवरचं एक झाकण काढतात. दोन्ही इंजिनांची ही झाकणं परत बसलीच नाहीत. काम मध्येच एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं, तेही तोंडी सांगून. शेवटी आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, इंजिन चालवून बघायचं होतं, तेही राहिलं. विमान दोन्ही इंजिनांचं जवळजवळ सगळं तेल गमावून लूटनला उतरलं. म्हणून काढलेला प्रत्येक भाग त्याच क्षणी कार्डवर लिहावा, आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाने लेखी नोंद हातात घेऊन इंजिनापाशी उभं राहून उघडं काय आहे ते मोजावं.

इंजिन बदलायचं असेल तर जुन्या आणि नव्या इंजिनाच्या सर्व्हिस बुलेटिनच्या (उत्पादकाने सुचवलेल्या बदलांच्या पत्रकांच्या) याद्या काम सुरू होण्याआधी शेजारी ठेवून जुळवा. एअर ट्रान्सॅटच्या ए३३० विमानाला बसवलेलं उसनं इंजिन जुन्या रचनेचं होतं. त्यावर जुन्या प्रकारची हायड्रॉलिक नळी आणि नव्या प्रकारची इंधननळी अशी सरमिसळ झाली. संबंधित बुलेटिन संगणकावर उघडत नव्हतं, तरी काम पुढे गेलं. नळ्या ताणून मधली जागा केली, पण हायड्रॉलिक नळीत दाब आल्यावर ती जागा संपली आणि घासून इंधननळी फुटली. २४ ऑगस्ट २००१ ला हे विमान इंधन संपल्यावर सुमारे १९ मिनिटं तरंगत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरलं. आत ३०६ माणसं होती. बुलेटिन उघडत नसेल तर काम थांबवायचं, मग विमान उशिरा सुटलं तरी चालेल.

दुसऱ्या प्रकारची चूक निव्वळ कागदावरची असते, आणि ती वर्षानुवर्षं लपून राहते. इंजिनात पाती धरून फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात. साधारणपणे एक उड्डाण म्हणजे एक सायकल. समजा एका डिस्कची मर्यादा कमी थ्रस्टवर (इंजिनाच्या ढकलण्याच्या जोरावर) २०,००० आणि जास्त थ्रस्टवर १५,००० आहे. कमी थ्रस्टवर १०,००० सायकल झाल्या म्हणजे निम्मं आयुष्य गेलं. आता तीच डिस्क जास्त थ्रस्टच्या इंजिनात गेली तर उरल्या १५,००० च्या निम्म्या, म्हणजे ७,५००. कुणी २०,००० मधून सरळ १०,००० वजा केले तर कागदावर २,५०० सायकल जास्त दिसतात, आणि डिस्क फुटली तर तिचे तुकडे केसिंगला, म्हणजे इंजिनाच्या कवचाला, अडवता येत नाहीत. म्हणूनच डिस्कचा इतिहास तयार झाल्या दिवसापासून सलग लागतो: कोणत्या इंजिनात, कोणत्या थ्रस्टवर, किती सायकल. मधले सहा महिने गायब असतील तर डिस्क दिसायला कितीही चांगली असो, ती बसवू नये. सीरियल नंबरही टॅगवरून उतरवू नका, प्रत्यक्ष भागावर कोरलेला वाचून कागदाशी ताडा. ३ आणि ८ ची अदलाबदल फार सहज होते.

सही पायरीगणिक करा, शेवटी एकदम नको. चुकलेली नोंद एका रेषेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख टाका. पायरी लागू नसेल तर चौकोन रिकामा सोडू नका, तिथे 'लागू नाही' लिहून सही करा. पहाटे तीन वाजता कार्ड हातात घेणाऱ्या पुढच्या माणसाला रिकाम्या चौकोनावरून काम झालंय की राहिलंय, हे कळत नाही, आणि कळायला दुसरा काही मार्गही नसतो.